डॉक्टर विकत मिळतो, टीम मिळत नाही

एक साधा प्रश्न विचारतो. आयर्लंडमध्ये तुमचा जीपी कोण आहे? नाव सांगा.

गेल्या काही महिन्यांत हा प्रश्न मी ओळखीतल्या बऱ्याच जणांना विचारला. कुणी मीट फॅक्टरीत आहे, कुणी हॉटेलच्या किचनमध्ये, कुणी नर्सिंग होममध्ये केअरर. बहुतेकांची उत्तरं ठरलेली. "अजून गरजच पडली नाही." "दोन-तीन ठिकाणी विचारलं, नवीन पेशंट घेत नाही म्हणाले." "एका भेटीचे साठ युरो कोण देणार? गावाहून गोळ्या आणल्यात की."

या गावाहून आणलेल्या गोळ्यांचीच गोष्ट आधी सांगतो. आमच्या घरात राहणारा एक जण, सातारकडचा. बोनिंग हॉलमध्ये काम. दिवसभर गारठा, पायात गमबूट, खाली ओली फरशी. शुगर चार वर्षांपासून. सुट्टीला गेला की सहा महिन्यांच्या गोळ्या घेऊन यायचा आणि संपत आल्या की एक दिवसाआड घ्यायचा. बुटाने पायाच्या बोटाला फोड आला. शुगरमुळे पाय बधीर झालेला, त्यामुळे दुखलं नाही. दुखलं नाही म्हणून त्याने बघितलं नाही. वास यायला लागला तेव्हा आम्ही त्याला इमर्जन्सीत नेलं. रात्रभर बसलो. ड्रेसिंग झालं, अँटिबायोटिक मिळालं, शंभर युरोचं बिल आलं आणि हातात कागद दिला: जीपीकडे जाऊन पुढची तपासणी करून घ्या. जीपी होता कुठे? तीन आठवड्यांनी परत गेलो तेव्हा त्याला अ‍ॅडमिट केलं आणि एक बोट काढावं लागलं.

हॉस्पिटलला मी दोष देत नाही. तिथल्या लोकांनी त्यांचं काम केलं. माझा प्रश्न त्याआधीच्या चार वर्षांचा आहे. चार वर्षं या माणसाचा पाय कुणी बघितला नाही. त्याच्या शुगरचं काय चाललंय ते कुणी विचारलं नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे शुगरची औषधं या देशात त्याला फुकट मिळू शकली असती, हे त्याला कुणी सांगितलं नाही. सांगणारं माणूसच नव्हतं.

साठ युरोचा हिशोब

आपले लोक डॉक्टरकडे का जात नाहीत याची कारणं शोधायला लांब जायला नको. पेस्लिप काढा. जीपीची फी सरकार ठरवत नाही, प्रत्येक जण आपली ठरवतो. साधारण ५० ते ७० युरो धरा. २०२५ चं किमान वेतन तासाला १३.५० युरो. म्हणजे ६० युरोची एक भेट हे साडेचार तासांचं काम झालं, तेही टॅक्स कापायच्या आधी.

आता आजारपणाची रजा बघा. जानेवारी २०२३ पासून इथे कायद्याने पगारी आजारपणाची रजा मिळते. पहिल्या वर्षी तीन दिवस होती, २०२४ पासून वर्षाला पाच. १३ आठवडे सलग नोकरी झालेली पाहिजे. पगाराच्या ७० टक्के मिळतात, दिवसाला जास्तीत जास्त ११० युरो. पण त्यासाठी डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं. किमान वेतनावर आठ तासांचे झाले १०८ युरो, त्याचे ७० टक्के म्हणजे साधारण ७५. सर्टिफिकेटसाठी जीपीला ६० दिले की हातात उरले पंधरा. एका दिवसाच्या तापासाठी हा कायदा आपल्याला पंधरा युरो देतो. मग माणूस काय करतो? पॅरासिटामॉल घेतो आणि शिफ्टला जातो.

आजार लांबला तर सरकारचा इलनेस बेनिफिट आहे, पण त्यासाठी किमान १०४ आठवड्यांचा पीआरएसआय भरलेला असावा लागतो. नवीन आलेल्याला पहिली दोन वर्षं तो दरवाजा बंदच असतो.

म्हणजे प्रत्येक वेळी खिशाकडे बघून ठरवायचं की आजार डॉक्टरकडे नेण्याइतका मोठा आहे का. आणि शुगर, बीपी हे आजार तर असे की मोठे होईपर्यंत काही सांगतच नाहीत.

आयर्लंडने कबूल काय केलं होतं

आता तुम्ही म्हणाल, फी कमी करा म्हणजे झालं. मला ते पुरेसं वाटत नाही. माझ्या रूममेटला फुकटात एक डॉक्टर एकदा भेटला असता, तरी त्याचं बोट वाचलं असतं याची खात्री नाही. त्याला हवी होती वर्षभर लक्ष ठेवणारी माणसं. पाय बघणारी नर्स, काय खायचं ते सांगणारी आहारतज्ज्ञ, औषधं चुकतायत हे ओळखणारा फार्मसीवाला, आणि "अहो, तुम्ही दोन महिने आला नाहीत" असा फोन करणारं कुणीतरी. याला म्हणतात टीम.

ही कल्पना मी काढलेली नाही. २००१ साली आयरिश सरकारने प्राथमिक आरोग्याचं एक धोरण जाहीर केलं. त्यात लिहिलं होतं की जीपी, नर्स, फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, सोशल वर्कर, घरी येऊन मदत करणाऱ्या बाया, या सगळ्यांची मिळून एक प्रायमरी केअर टीम असेल आणि एका टीमकडे साधारण तीन ते सात हजार लोक असतील. माणूस त्या टीमकडे नाव नोंदवेल आणि टीम त्याच्या सगळ्या घराची काळजी घेईल.

मग २००८ ची मंदी आली, खर्चाला कात्री लागली. टीमा कागदावर झाल्या, काही खरोखर झाल्या, बऱ्याच अर्धवट राहिल्या. २०१७ च्या मे महिन्यात संसदेच्या सर्वपक्षीय समितीने, रोशीन शॉर्टल यांच्या अध्यक्षतेखाली, स्लॉन्चेकेअर नावाचा दहा वर्षांचा आराखडा मांडला. स्लॉन्चे म्हणजे आयरिशमध्ये आरोग्य. गरजेप्रमाणे उपचार, पैशाप्रमाणे नाही, हे त्याचं मूळ तत्त्व. जीपीची सेवा टप्प्याटप्प्याने सगळ्या रहिवाशांना फुकट करायची असं त्यात म्हटलं होतं.

काही कामं झाली, ती मान्य केली पाहिजेत. देशभर ९६ कम्युनिटी हेल्थकेअर नेटवर्क ठरली, एकेकाकडे सरासरी ५० हजार लोक. एप्रिल २०२३ पासून सरकारी हॉस्पिटलात अ‍ॅडमिट झाल्यावर दिवसाचे ८० युरो लागायचे ते बंद झाले. २०२० पासून शुगर टाइप २, दमा, सीओपीडी आणि हृदयविकार असलेल्यांसाठी जीपीकडे एक खास कार्यक्रम सुरू झाला. त्यात डॉक्टर आणि प्रॅक्टिस नर्स दोघं मिळून वर्षातून ठरावीक वेळा पेशंटला बोलावतात, रक्त तपासतात, पाय बघतात, पुढचा आराखडा लिहून देतात. अगदी माझ्या रूममेटला हवं होतं तेच.

पण त्याला ते मिळालं नसतं. कारण हा कार्यक्रम फक्त मेडिकल कार्ड किंवा जीपी व्हिजिट कार्ड असलेल्यांसाठी आहे. कार्ड नसेल तर अनेक ठिकाणी एचएसईच्या फिजिओ किंवा पायाच्या तज्ज्ञाकडेही नंबर मागे जातो, नाहीतर पैसे भरून खाजगीत जावं लागतं. म्हणजे कार्डवाल्याला टीम मिळते, बिनकार्डवाल्याला डॉक्टर मिळतो, तोही भेटीमागे साठ युरो मोजून. या देशात टीम आहे, पण तिच्या दारावर कार्ड तपासणारा उभा आहे. माझं भांडण त्याच्याशी आहे.

हे आपण आधी बघितलंय

टीम वगैरे युरोपातले लाड आहेत, असं कुणाला वाटत असेल तर जरा नगर जिल्ह्याकडे, आताच्या अहिल्यानगरकडे बघा. १९७० साली जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या नवरा-बायकोने काम सुरू केलं. दुष्काळी भाग, पैसा नाही, डॉक्टर येत नाहीत. त्यांनी गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्यातल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. कुणाला दिवस गेलेत, कुणाचं पोर वाळत चाललंय, कुणाचा खोकला महिनाभर थांबत नाही, हे त्या बाईला माहीत असायचं, कारण ती त्याच आळीत राहायची. तिच्या मागे नर्स, नर्सच्या मागे डॉक्टर आणि गरज लागली तर जामखेडचं हॉस्पिटल. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरातून लोक हे काम शिकायला तिथे आले.

आज आपल्याकडे सपाट भागात ३० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि पाच हजारांमागे एक उपकेंद्र असं प्रमाण ठरलेलं आहे. शिवाय साधारण हजार वस्तीमागे एक आशाताई. केंद्रात डॉक्टर जागेवर नसतो, औषध नसतं, हे सगळं खरं आहे. आशाताईंना मानधनासाठी संप करावे लागले हेही खरं. पण गावात तुमची बायको गरोदर राहिली तर आशाताई घरी येते की नाही? लसीची तारीख चुकली तर दारात उभी राहून ओरडते की नाही? इथे तुमच्या दारात कोण येतं?

तुमच्या लाइनवर बाजूला उभा असलेल्या ब्राझीलियनलाही विचारून बघा. गॉलवे काउंटीतल्या गोर्टपासून कितीतरी ठिकाणी मीट फॅक्टऱ्यांत ते आपल्या आधीपासून आहेत. त्यांच्या देशाने १९९४ मध्ये फॅमिली हेल्थ प्रोग्रॅम सुरू केला. एक डॉक्टर, एक नर्स, सहायक नर्स आणि त्या वस्तीतलेच काही आरोग्यसेवक अशी एक टीम, तिच्याकडे साधारण तीन-चार हजार लोक. आरोग्यसेवक दर महिन्याला घरोघरी जातो. म्हणजे आपल्या आशाताईचाच तो भाऊ. असा आरोग्यसेवक घरी येणं तिकडे अगदी नेहमीचं. इथे आल्यावर त्यालाही आपल्यासारखाच प्रश्न पडतो.

आणि आयर्लंडला तरी हे कुठे परकं आहे? त्याच १९९४ साली डब्लिनमध्ये पेव्ही पॉइंट या संस्थेने आरोग्य मंडळाबरोबर ट्रॅव्हलर समाजासाठी एक प्रकल्प सुरू केला. ट्रॅव्हलर बायकांनाच प्रशिक्षण देऊन त्यांच्या वस्त्यांत आरोग्यसेविका केलं. ज्या लोकांपर्यंत डॉक्टरचा शब्द पोचत नव्हता, त्यांच्यापर्यंत त्यांच्यातलीच बाई पोचली. म्हणजे रस्ता माहीत आहे, फक्त आपल्यापर्यंत आणलेला नाही.

जे उघडं आहे त्यातून आधी आत जा

मागण्या करायच्याच आहेत, पण त्याआधी एक गोष्ट. काही दरवाजे आजही उघडे आहेत आणि आपण त्यातून जात नाही.

पहिलं म्हणजे कार्डाचा अर्ज करा. "मी परमिटवर आहे, मला कुठे मिळणार" असं म्हणून बरेच जण अर्जच करत नाहीत. पहिला प्रश्न तुम्ही इथे रहिवासी आहात का हा असतो, म्हणजे निदान एक वर्ष इथे राहत आहात किंवा राहणार आहात का. पासपोर्ट कुठल्या देशाचा यावर ते ठरत नाही. त्यानंतर उत्पन्न बघतात. मेडिकल कार्डची मर्यादा फार कमी आहे, ६६ वर्षांखालच्या एकट्या माणसासाठी आठवड्याला १८४ युरो. पण जीपी व्हिजिट कार्डची मर्यादा २०२३ मध्ये बरीच वाढवली, एकट्या माणसासाठी ४१८ युरो. आणि हे टॅक्स, पीआरएसआय, यूएससी कापल्यानंतरचे. शिवाय घरभाडं, कामावर जाण्याचा खर्च, मुलांच्या सांभाळाचा खर्च हेही धरतात. समजा वर्षाला ३४ हजारांवर आहात. हातात आठवड्याला साधारण ५६० येतात. त्यातून १५० भाडं गेलं तर ४१० झाले. बसलात की नाही मर्यादेत? बायको-मुलं इथे असतील तर मर्यादा आणखी वाढते. अर्ज ऑनलाइन होतो. आणि कार्ड मिळूनही तीन जीपींनी नाही म्हटलं, तर एचएसई तुम्हाला जीपी नेमून देते. "कुणी घेत नाही" या अडचणीवर हाच एक पक्का उपाय आहे.

दुसरं, शुगर असेल तर लाँग टर्म इलनेस स्कीम. यात उत्पन्न बघतच नाहीत. शुगरची औषधं आणि तपासणीच्या पट्ट्या फुकट. अर्जावर डॉक्टरची सही लागते, त्यासाठी एकदा साठ युरो गेले तरी जाऊ द्या, वर्षभरात कितीतरी पटीने वसूल होतात. शुगरवाल्यांच्या डोळ्यांची तपासणीही डायबेटिक रेटिनास्क्रीनमध्ये फुकट आहे. बीपी आणि दमा या स्कीममध्ये येत नाहीत, पण त्यांच्यासाठी ड्रग्ज पेमेंट स्कीमचं कार्ड काढा. मग एका कुटुंबाला महिन्याला ८० युरोच्या वर औषधांसाठी द्यावे लागत नाहीत.

तिसरं, बायका-मुलं. गरोदर बाईला जीपी आणि हॉस्पिटल दोघांकडच्या तपासण्या फुकट आहेत, कार्ड असो वा नसो. बाळ दोन आणि सहा आठवड्यांचं झाल्यावर जीपीकडची तपासणीही त्यातच येते. बाळंतीण घरी आली की साधारण तीन दिवसांत पब्लिक हेल्थ नर्स घरी येते. ती इथली आशाताईच समजा. तिला दारातून परत पाठवू नका, "सगळं ठीक आहे" म्हणून वाटेला लावू नका. बसवा, चहा द्या, विचारा. आठ वर्षांखालच्या मुलांना जीपी फुकट, उत्पन्न कितीही असो. २५ ते ६५ वयाच्या बायकांना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी फुकट.

चौथं, इमर्जन्सीला जायची वेळ आली आणि अंगात तेवढी उसंत असेल, तर आधी जीपीची चिठ्ठी घ्या. चिठ्ठी असेल तर १०० युरो लागत नाहीत. अर्थात छातीत दुखत असेल तर चिठ्ठी शोधत बसू नका, सरळ ११२ किंवा ९९९ फिरवा.

आणि एक भीती काढून टाकतो. तुमच्या परवानगीशिवाय डॉक्टर तुमचा आजार तुमच्या सुपरवायझरला सांगत नाही. शुगर आहे म्हणून नोकरीवरून काढणं इथल्या समानता कायद्यात बसत नाही. लपवून ठेवलेला आजारच शेवटी नोकरी घालवतो, हे आमच्या घरात आम्ही बघितलं.

"आपण कोण मागणारे?"

ही शंका मला सगळ्यात जास्त ऐकू येते. आपण बाहेरून आलेलो, मिळतंय ते गोड मानून घ्यावं. माझं म्हणणं उलटं आहे. पेस्लिपवर पीआरएसआय आणि यूएससी कापताना कुणी विचारत नाही की हा बाहेरचा आहे का. इथल्या हॉस्पिटलांमध्ये आणि नर्सिंग होममध्ये म्हाताऱ्यांना उठवणारे, पुसणारे, भरवणारे हात बघा. त्यातले किती आपले आहेत! जो माणूस दिवसभर दुसऱ्याच्या आई-बापाच्या टीममध्ये काम करतो, त्याच्या स्वतःच्या घराला टीम नसावी, हे बरोबर आहे का?

दुसरी शंका जास्त खरी आहे. जीपी आधीच कमी आहेत, सगळ्यांना फुकट केलं तर रांगा वाढतील. डॉक्टरांच्या या तक्रारीत तथ्य आहे. पण म्हणूनच टीम हवी. ड्रेसिंग, बीपी, पाय तपासणं, लसी, फॉलोअपचे फोन यातलं बरंच काम नर्स करू शकते, काही फार्मसीवाला करू शकतो, काही आपल्यातलाच प्रशिक्षण घेतलेला माणूस करू शकतो. जामखेडला डॉक्टर कमी होते म्हणूनच ती पद्धत निघाली.

आणि सरकारला हे जमत नाही असं कुणी म्हटलं तर २०२० आठवा. मीट फॅक्टऱ्यांमध्ये कोविड पसरला. ऑगस्टमध्ये किल्डेअर, लीश आणि ऑफली या तीन काउंट्या बंद कराव्या लागल्या. तेव्हा सगळ्यांना कळलं की लाइनवरचा माणूस आजारी असून कामावर आला तर अख्खी काउंटी आजारी पडते. कोविडसाठी जीपीशी फोनवर बोलणं आणि टेस्ट सगळ्यांना फुकट झालं, कुणाचं कार्ड बघितलं नाही. कागदपत्रं नसलेल्यांनाही सांगितलं गेलं की तुमची माहिती इमिग्रेशनकडे जाणार नाही, या. त्याच वर्षी मायग्रंट राइट्स सेंटर आयर्लंडने मीट फॅक्टऱ्यांतल्या कामगारांचं म्हणणं एका अहवालात मांडलं. म्हणजे इच्छा असली की जमतं. साथ गेली आणि इच्छाही गेली, एवढंच.

इतिहासही असाच आहे. १९५१ मध्ये आरोग्यमंत्री नोएल ब्राउन यांनी आई आणि मुलांसाठी उत्पन्न न बघता फुकट उपचारांची योजना आणली. डॉक्टरांची संघटना आणि कॅथलिक बिशप यांनी विरोध केला, योजना पडली, ब्राउन यांना राजीनामा द्यावा लागला. आज तुमच्या बायकोला गरोदरपणात जे उत्पन्न न विचारता मिळतं, ते त्या दिवशी मिळालं नव्हतं. ते मागत राहावं लागलं, वर्षानुवर्षं.

मग मागायचं काय?

माझ्या मते तीन गोष्टी, आणि तिन्ही एकदम.

एक, जुनाट आजारांचा जीपीकडचा कार्यक्रम कार्ड न बघता प्रत्येक रहिवाशाला खुला करा. शुगर कार्ड बघून येत नाही. या कार्यक्रमातली वर्षाची तपासणी एक बोट कापण्यापेक्षा सरकारलाही स्वस्तच पडेल.

दोन, परमिट मिळून माणूस इथे आला की पहिल्या महिन्यात त्याचं नाव एखाद्या टीमकडे लागलं पाहिजे. मालकाने त्यासाठी पगारी वेळ द्यावा. आणि दुभाष्या मिळावा. लेकराला शाळेतून काढून आईच्या तपासणीला दुभाषी म्हणून बसवायचं, हे थांबलं पाहिजे.

तीन, टीममध्ये आपल्यातला माणूस घ्या. पेव्ही पॉइंटने केलं तसं. जिथे परदेशी कामगार जास्त आहेत तिथल्या नेटवर्कमध्ये पगारी आरोग्यसेवक नेमा, जो मराठी, हिंदी, पोर्तुगीज बोलतो आणि ज्याला माहीत आहे की रात्रपाळीवाला सकाळी अकराच्या अपॉइंटमेंटला येऊ शकत नाही. फुकट काम करणारा स्वयंसेवक नको. आशाताईंचं जे झालं ते इथे नको.

हे एकट्याने मागून होत नाही. सिप्टू किंवा तुमच्या कामाच्या ठिकाणी जी युनियन असेल तिच्या पुढच्या मीटिंगला जा आणि आरोग्याचा मुद्दा अजेंड्यावर घ्यायला लावा. निवडणुकीला दारात उमेदवार येतो. स्थानिक निवडणुकीत तर इथला नागरिक नसलेल्या रहिवाशालाही मत आहे, हे विसरू नका. त्याला विचारा, स्लॉन्चेकेअरमध्ये लिहिलेलं सगळ्यांसाठीचं जीपी कुठे अडलं?

आणि मोठ्या मागण्या पूर्ण होईपर्यंत आपण एकमेकांची टीम होऊ. गणपतीला, दिवाळीला हॉल घेऊन जमता ना? पुढच्या वेळी एका टेबलावर कार्डाचे अर्ज ठेवा. ज्याने भरलाय त्याने न भरलेल्याला बसवून भरून द्यावा. शुगर, बीपी कुणाकुणाला आहे ते एकमेकांना मोकळेपणाने विचारा, त्यात लाज कसली.

माझा रूममेट आता कामावर परत आलाय. कार्ड मिळालं, जीपी मिळाला, त्या कार्यक्रमात नाव लागलं. नर्स दर वेळी त्याला मोजे काढायला लावते. पहिल्यांदा गेला तेव्हा घरी येऊन म्हणाला, "चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझे पाय बघितले." बोट जायच्या आधी हे व्हायला हवं होतं.

आज शिफ्ट संपली की तुमच्या गावातल्या जीपीला एक फोन करा. नाही म्हणाला तर दुसऱ्याला करा. आणि कोण नाही म्हणालं ते लिहून ठेवा, पुढे कामाला येईल.